संशोधन नावाचं पान

संपादकबाईंचा फोन आला, “ताई, नोकरीबद्दल लिहा. पण कॉम्प्युटरचं फार नको हं, वाचक कंटाळतात.” मी म्हटलं, कॉम्प्युटरचं लिहिण्यासारखं आहेच काय? तो सांगितलेलं करतो आणि गप्प बसतो. माझी सव्वीस वर्षं गेली ती माणसांकडून कामं करून घेण्यात, आणि माणसं काही एवढी सरळ नसतात. मीही नव्हते, ते पुढे येईलच.

आधी ओळख. मी सुनंदा मेश्राम, माहेर भंडाऱ्याचं. मिस्टरांची सरकारी कंपनीत बदली झाली म्हणून आम्ही लखनौला आलो, तीन वर्षांसाठी. ती तीन वर्षं अजून संपलेली नाहीत. जानकीपुरमला घर घेतलं, मुलगी इथेच वाढली, आणि मी इथल्या एका विद्यापीठात सिस्टीम अ‍ॅनालिस्ट म्हणून लागले. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही, दोन टेम्पो, म्हणजे इथल्या शेअर रिक्षा, बदलून जावं लागायचं एवढंच सांगते. पहिल्या दिवशी पाच जणांनी विचारलं, “मेश्राम माने?” म्हणजे, मेश्राम म्हणजे कोण? इथे आडनाव ऐकलं की माणूस कुठल्या खणात ठेवायचा ते ठरतं, आणि माझं आडनाव कुठल्याच खणात बसेना. मी सांगायचे, “मेश्राम माने मेश्राम. चाय मिलेगी?”

पहिल्याच आठवड्यात भंडाऱ्याला भावाला फोन केला आणि म्हटलं, आज कुलपतींनी मला बोलावून घेतलं. तो उडालाच. “काय वं ताई, थेट राज्यपाल?” आपल्याकडे विद्यापीठाचे कुलपती म्हणजे राज्यपाल, इकडे ‘कुलपति’ म्हणजे आपले कुलगुरू. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हापासून असल्या फसव्या शब्दांच्या बाबतीत मी फार सावध झाले, असा माझा आपला समज होता.

आता धंद्याचं सांगते. विद्यापीठात ‘प्रोजेक्ट’ म्हणजे नवी प्रयोगशाळा बांधणं, नवा अभ्यासक्रम सुरू करणं, बाहेरून निधी आणून रिसर्च करणं, आणि अधूनमधून येणाऱ्या मूल्यांकन पथकासाठी ढीगभर कागद तयार ठेवणं. या सगळ्याचा ताळमेळ बघायला आमचा प्रकल्प कक्ष होता. प्रत्येक कामाची एक फाईल. ती एका टेबलावर असली की दुसऱ्या टेबलावर नसते, एवढंच सगळं दुखणं. ईमेल आल्यावर रोग बदलला, बरा झाला नाही. एकाच प्रस्तावाच्या सात प्रती फिरायच्या: ‘फायनल’, ‘फायनल नया’, ‘फायनल यही है’. आमच्या कक्षाचे प्रमुख प्रोफेसर रिझवी एकदा वैतागून म्हणाले, “मेश्राम साहिबा, इनमें असली फ़ाइनल कौन-सा है, क़सम खाकर बताइए.” मी म्हटलं, सर, कसम खायला मलाही माहीत पाहिजे ना.

म्हणून मी विकी बसवली. विकी म्हणजे एक वही समजा. ती सगळ्यांच्या टेबलावर एकाच वेळी उघडी असते. कोणीही लिहावं, कोणीही खोडावं, जे शेवटी उरेल तेच फायनल. आणि खोडलेलंही कुठे जात नाही. प्रत्येक पानावर ‘इतिहास’ असं एक बटण असतं. ते दाबलं की कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, काय लिहिलं आणि काय पुसलं ते सगळं दिसतं. शिवाय पुसलेलं परत आणता येतं. मला या बटणाचा फार अभिमान होता. नव्या माणसाला शिकवताना मी आधी तेच दाखवायचे.

ऑफिसात तिला सगळे ‘विक्की’ म्हणू लागले. “विक्की में डाल दिया?” “विक्की से पूछ लो.” जणू कोणाचा तरी भाचा.

पण खोडायची हिंमत कोणाची? प्रयोगशाळेच्या इमारतीचं एक पान होतं. त्यात डीनसाहेबांनी खोलीची लांबी चुकून रुंदीच्या जागी लिहिली. त्याखाली आठ जणांनी ओळीने लिहिलं: ‘सहमत’, ‘अवलोकित’, ‘सहमत’, ‘कृपया चर्चा करें’. त्या आठांत आमचे इंजिनीयरसुद्धा होते, ज्यांनी स्वतः फीत धरून खोली मोजली होती. मी विचारलं, “अहो, तुम्हाला माहीत होतं ना? वरची ओळ दुरुस्त का नाही केलीत?” ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना डीनसाहेबांच्या ताटात हात घालायला सांगत होते. “मैडम, साहब का लिखा हुआ है. उस पर कैसे लिखें?” विकीची त्यांनी बिनबोभाट फाईल करून टाकली होती, फक्त दोरी तेवढी नव्हती.

तसाच आमचा कामांचा फळा. पडद्यावर तीन रकाने: ‘करना है’, ‘हो रहा है’, ‘हो गया’. काम पुढे सरकलं की त्याची चिठ्ठी पुढच्या रकान्यात ओढायची. सहा महिन्यांनी पाहिलं तर सगळ्या चिठ्ठ्या मधल्या रकान्यात. ‘करना है’मध्ये ठेवलं तर सुरू का नाही केलं म्हणून बोलणी, ‘हो गया’मध्ये ठेवलं तर दाखवा म्हणून बोलणी. ‘हो रहा है’ला कोण काय म्हणणार? स्टॅटिस्टिक्सच्या एक प्राध्यापिका तर विकीचं पान छापून घ्यायच्या, लाल पेनाने तपासायच्या, सही करायच्या आणि शिपायाबरोबर माझ्याकडे पाठवायच्या. त्यांना मी तीनदा शिकवलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “बेटा, तुम डाल दो न. तुम्हारा हाथ साफ़ है.” मी गुपचूप टाकत गेले.

या सगळ्यात मनापासून शिकू पाहणारा एकच माणूस होता, आमचे हेडक्लार्क श्रीवास्तवजी. अक्षर मोत्यासारखं. चौतीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही, एक उशिराची खूण नाही. टायपिंग मात्र एका बोटाने. रोज चार वाजता चहा घेऊन माझ्या टेबलाशी यायचे आणि वहीत लिहून आणलेला एक प्रश्न विचारायचे. एकच. “मैडम, आज का सवाल यह है कि सेव करने के बाद अगर बिजली चली जाए तो?” उत्तर वहीत उतरवून घ्यायचे आणि जायचे. निवृत्तीला चार महिने उरलेले असताना माणूस नवीन गोष्ट शिकतोय, याचं मला फार कौतुक वाटायचं.

मूल्यांकन पथक येणार म्हणून धावपळ सुरू झाली. रिझवी सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं, “टीम के आने से पहले विक्की पर कुछ पेंडिंग न दिखे. श्रीवास्तव जी, यह आप देख लीजिए.” श्रीवास्तवजींनी ते काम चार दिवस, एकेक पान उघडून, कोणालाही न विचारता केलं. मला तर त्यांनी मुद्दामच विचारलं नाही. पहिल्यांदा सगळं स्वतः करून दाखवायचं होतं त्यांना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. विकीत शिरायला मी दोन दारं ठेवली होती. मोठ्या साहेबांसाठी इंग्रजी मुखपृष्ठ, त्यावर ठळक बटणं. आणि ऑफिसच्या मंडळींसाठी बाजूला हिंदी यादी. दोन्ही दारांतून पान तेच उघडायचं. यादीतली नावं, म्हणजेच पानांची नावं, मी एका दुपारी घाईघाईने टाइप केली होती: पाठ्यक्रम, परीक्षा, भवन, संशोधन.

पथकाचा दिवस. सभागृहात पडदा, समोर पाच पाहुणे, अध्यक्ष दक्षिणेकडच्या एक विदुषी, बाजूला कुलगुरू साहेब, आणि लॅपटॉपवर मी. अभ्यासक्रम दाखवला, परीक्षा दाखवली, माना डोलल्या. मग मी ‘रिसर्च’ हे बटण दाबलं. तिथे आमच्या सगळ्या प्राध्यापकांच्या रिसर्चची नोंद असायची: कोणाचा कोणता विषय, काम कुठवर आलं, कोणता लेख कुठे पाठवला. पान उघडलं. कोरं. मधोमध एकच ओळ: ‘सभी संशोधन कर दिए गए हैं। अब कुछ शेष नहीं है।’

अध्यक्षबाईंना हिंदी फारसं येत नव्हतं. त्यांनी शेजाऱ्याला अर्थ विचारला. त्याने हळूच सांगितला. त्या चष्म्यावरून बघत इंग्रजीत म्हणाल्या, “दुरुस्त्या झाल्या, हे उत्तमच. पण रिसर्च कुठे आहे?” कुलगुरू साहेबांचा चेहरा लालबुंद. पानाच्या माथ्यावर पानाचं नाव होतंच, पण ते त्या घटकेला कोणीच वाचलं नाही. मीसुद्धा नाही.

साहेब म्हणाले, “यह किसने किया?”

आणि मी ‘इतिहास’ दाबलं. खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही, मला ऐट आली. बघा, माझी विकी कशी एका क्षणात माणूस काढून देते! मी मोठ्याने वाचलं, “श्रीवास्तव जी ने, सर. मंगलवार, चार बजकर दस मिनट.”

श्रीवास्तवजी दाराशी फायली घेऊन उभे होते. आपलं नाव ऐकून ते एक पाऊल पुढे आले. “जी सर, मैंने ही किया है,” म्हणाले. स्वर असा, जणू शाबासकी घ्यायला आले आहेत. चार दिवस खपले होते ते. साहेब नुसते म्हणाले, “आप बाहर जाइए.”

दहा मिनिटांत मी सगळी नोंद परत आणली. पथकाने पाहिली, चहा घेतला, दुसऱ्या दिवशी गेलंही. विद्यापीठाचं त्याने काही बिघडलं नाही. पण भरसभेत साहेबांची जी शोभा झाली होती ती कोणाच्या तरी नावावर टाकायला हवी होती, आणि नाव मी देऊन बसले होते.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. मी तावातावाने सांगत होते, “शिकवून शिकवून जीव गेला माझा, आणि त्या माणसाने अख्खं संशोधन पुसून टाकलं!”

माझी मुलगी प्रज्ञा मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, “तो क्या हुआ? करेक्शन हो गए होंगे तो हटा दिए.”

“करेक्शन नाही गं, संशोधन! रिसर्च!”

“मम्मी, रिसर्च तो शोध होता है. संशोधन मतलब करेक्शन. आप भी न.”

घास हातातच राहिला. ‘संशोधित आदेश’, ‘संशोधित समय-सारणी’ असं मी ऑफिसात हजारदा वाचलं होतं, स्वतः लिहिलं होतं. वाचताना हिंदी अर्थ कळायचा. पण त्या दुपारी यादी करताना बोटांतून भंडारा उतरला. आपल्याकडे संशोधन म्हणजे रिसर्च. इथे संशोधन म्हणजे चूक सुधारणं. शिकलेल्या माणसाने केलेली अडाणी चूक. आणि आता एकेक आठवायला लागलं. लोक त्या पानावर परीक्षेच्या तारखांतल्या, नावांच्या स्पेलिंगमधल्या दुरुस्त्या आणून टाकायचे, आणि मी चरफडत त्या उचलून दुसरीकडे ठेवायचे. म्हणायचे, या लोकांना साधं पान कळत नाही. रिसर्चच्या नोंदींतही ठिकठिकाणी ‘संशोधित प्रति भेजी’ असं होतं, कारण लेख सुधारून परत पाठवावेच लागतात. श्रीवास्तवजींनी ते वाचलं, दुरुस्ती झाली असं समजले, आणि पान साफ केलं. हिंदी येणाऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

मिस्टरांनी विचारलं, “म्हणजे तू पानाला नाव काय दिलं होतंस?” मी भाजी वाढायला उठले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यागेल्या मी पानाचं नाव बदलून ‘शोध’ केलं. चार सेकंदांचं काम. पुन्हा असा घोटाळा होऊ नये म्हणून करतेय, असं स्वतःला सांगितलं. कोणाला बोलले नाही.

चार दिवसांनी श्रीवास्तवजींना मेमो मिळाला. चौतीस वर्षांतला पहिला. सोबत पुरावा म्हणून पानाची छापील प्रत: वर नाव ‘शोध’, खाली श्रीवास्तवजींनी सगळं पुसल्याची नोंद. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात उत्तर दिलं की मी ‘शोध’चं पान साफ केलेलं नाही, ‘संशोधन’चं केलं. कार्यालयाने विकी उघडून पाहिली. ‘संशोधन’ नावाचं पानच नाही! मग शेरा पडला: उत्तर असत्य, कर्मचारी दिशाभूल करतो आहे, चौकशी समिती नेमावी. चौकशी डोक्यावर असताना निवृत्तीचे कागद हलत नाहीत, आणि समजा हलले असते तरी तो माणूस चौतीस वर्षं घालवून खोटारडा म्हणून घरी गेला असता. माझ्या त्या चार सेकंदांनी त्याला खोटं पाडलं होतं.

आणि मी गप्प होते. का, ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. नोकरी जाईल अशी भीती नव्हती. माझ्या हिंदीची मला घमेंड होती. “आप तो बिलकुल यहीं की लगती हैं,” असं कोणी म्हटलं की मी दिवसभर खुश असायचे. आता सगळे म्हणणार, वीस वर्षं झाली तरी बाईंना हिंदी येत नाही. शिवाय विकीवर टपून बसलेले कमी नव्हते. फाईल बरी होती, असं म्हणायला त्यांना निमित्तच हवं होतं. आज सांगते, उद्या सांगते करत दिवस जात होते. सरांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दुसरंच काहीतरी विचारून परत आले.

एके दिवशी चार वाजता श्रीवास्तवजी आले. हातात चहा नव्हता, वही नव्हती.

“मैडम, आप तो सब देख सकती हैं. वह पन्ना ‘संशोधन’ ही था न?”

मी उगाच माउस हलवत राहिले.

“मैंने डॉक्टर को आँख दिखाई थी. कहते हैं, मोतियाबिंद शुरू हो रहा है. मुमकिन है मैंने ही कुछ और पढ़ लिया हो. अगर ऐसा है तो मैं लिखकर माफ़ी माँग लूँ.”

मी म्हटलं, “देखती हूँ.”

एवढंच! ‘देखती हूँ’! ते “जी, शुक्रिया” म्हणून गेले. मला माझीच किळस आली. तरीही मी त्या दिवशी उठले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. घरी मिस्टर म्हणाले, “सुनंदा, तो माणूस स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवतोय आणि तू नाकाला जपतेस?” मी त्यांच्यावरच ओरडले. खरं झोंबतं.

समितीत तिघे होते: कुलसचिव, रिझवी सर आणि कायदा शिकवणारे एक प्राध्यापक. मला तांत्रिक बाजू सांगायला बोलावलं होतं. श्रीवास्तवजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पडद्यावर विकी उघडलेली. कायद्याच्या सरांनी विचारलं, “मैडम, आप सिर्फ़ हाँ या ना में बताइए. इसमें ‘संशोधन’ नाम का कोई पन्ना है?”

‘नहीं’ म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. शब्द ओठांवर तयार होता. पण नजर त्या कोपऱ्याकडे गेली. श्रीवास्तवजी मान पुढे काढून, डोळे बारीक करून पडदा वाचायचा प्रयत्न करत होते.

मी म्हटलं, “है नहीं. था.”

मग मी नाव बदलल्याची नोंद उघडली. विकी काही विसरत नाही, माझंही विसरली नव्हती. ओळ स्पष्ट होती: मेश्राम यांनी ‘संशोधन’ या पानाचं नाव बदलून ‘शोध’ केलं, तारीख, पथक आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. ती मी मोठ्याने वाचली. मग सगळं सांगितलं. पानाला नाव मी दिलं, मराठी डोक्याने दिलं, श्रीवास्तवजींनी जे वाचलं ते बरोबर वाचलं, आणि हे मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे. 

श्रीवास्तवजींनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि शांतपणे म्हणाले, “तो आँख ठीक है.”

कायद्याच्या सरांनी ती ओळ स्वतः एकदा वाचून पाहिली. शेवटी कुलसचिव म्हणाले, “मराठी में रिसर्च को संशोधन कहते हैं?”

“जी.”

“तो फिर शोध किसे कहते हैं?”

“कुछ खो जाए तो उसे ढूँढ़ने को.”

“और शिक्षा? वह तो शिक्षा ही होगी?”

“नहीं सर. मराठी में शिक्षा मतलब सज़ा.”

रिझवी सरांना हसू आवरेना. कुलसचिव मात्र गंभीरपणे म्हणाले, “फिर तो मैडम, आपको मराठी वाली शिक्षा देनी पड़ेगी.” आणि दिली. माझ्या सेवापुस्तकात लेखी ताकीद लागली: वस्तुस्थिती माहीत असून वेळेत सांगितली नाही. ती योग्यच होती. चुकीच्या शब्दाबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही, आणि मी इतके दिवस भीत होते ती त्याच गोष्टीला. श्रीवास्तवजींचा मेमो मागे घेतला गेला. विकीही कोणी बंद केली नाही. फक्त पानाचं नाव ठेवायचं तर आधी श्रीवास्तवजींना दाखवायचं, असा नियम झाला.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांची माफी मागितली. हात जोडले. ते घाईने म्हणाले, “अरे नहीं नहीं मैडम, यह क्या कर रही हैं. हो जाता है.” आवाजात राग नाही, टोमणा नाही. इथली माणसं रागावली की जास्तच अदबीने बोलतात, ते मला ठाऊक होतं. त्यानंतर ते रोज भेटले, रोज आधी त्यांनीच नमस्ते केलं. चार वाजता मात्र माझ्या टेबलाशी कधी आले नाहीत. मी त्यांच्याकडे चहा घेऊन जाऊन पाहिलं. “आप बैठिए, मैं मँगवाता हूँ,” म्हणायचे, आणि चहा संपेपर्यंत हवापाण्याचं बोलायचे. वहीतला प्रश्न काही निघायचा नाही. मला त्या प्रश्नांची इतकी सवय झाली होती हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. हार झाले, शाल झाली, समोसे झाले. रिझवी सर छान बोलले. मला बोलायला सांगितलं, पण दोन वाक्यं बोलून मी खाली बसले. श्रीवास्तवजी सगळ्यांना भेटून, कपाटाच्या किल्ल्या मोजून देऊन, रिक्षात बसून गेले.

आमच्याकडे जाणारा माणूस विकीवर ‘कार्यभार’ म्हणून एक पान करून जायचा: कोणती फाईल कुठे, कोणती किल्ली कुठे, अडलं तर कोणाला विचारायचं. नवा माणूस त्यावरून काम सुरू करायचा. बहुतेक जण ते दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. श्रीवास्तवजींनी स्वतः लिहिलं होतं. एका बोटाने दोन दिवस ते काहीतरी टाइप करत होते ते हेच. ते गेल्यावर मी ते उघडलं. चव्वेचाळीस ओळी. कोणत्या कपाटाचा दरवाजा उचलून लावावा लागतो, कोणत्या डीनसाहेबांना सकाळी फाईल दाखवू नये, सगळं होतं. शेवटची ओळ अशी होती:

‘विक्की की कोई बात समझ में न आए तो मेश्राम मैडम से पूछें। सच बता देती हैं। जरा देर लगाती हैं।’

मी ती कितीतरी वेळा वाचली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. विकीची किल्ली माझ्याच हातात होती, शेवटचं वाक्य पुसायला मला कोणी अडवलं नसतं. ‘जरा’च्या ‘ज’खालचा नुक्ता, ते उर्दू शब्दांचं टिंब, राहून गेला होता, त्यांना कीबोर्डवर सापडला नसणार. मी तेवढा दिला आणि पान सेव्ह केलं.